शनिवारचं मौन आणि गवताची मोटार

गवत कापायला माणसाने बसायचं कशाला, हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडला होता. पण तो चातुर्मासातला शनिवार होता, आणि चातुर्मासातल्या शनिवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मी तोंड उघडलं, तोवर ती लाल मोटार आमच्या ओट्यासमोर उभी राहिली होती, तिला हळदकुंकू लागलं होतं, चारी चाकांखालची लिंबं चिरडून झाली होती आणि आमचे हे तिच्यावर बसून फोटो काढून घेत होते. अशा वेळी शंका काढली तर बायको कुजक्या मनाची ठरते. मी साखर वाटली.

मोटार धाकट्या दिरांची. उन्मेषभावजी अमेरिकेतून कायमचे बडोद्याला परत आले, तेव्हा अख्खा संसार त्यांनी बोटीने आणला होता. कायमचे म्हणजे पहिला वैशाख सोसेपर्यंत. परत जाताना त्यांनी सोफा विकला, फ्रीज नणंदबाईंना दिला आणि गवत कापायची ही मोटार थोरल्या भावाच्या पदरात घातली. तिला स्टिअरिंग होतं, गिअर होता, पाठ टेकायला गादी होती, पुढे दोन दिवे होते. तिकडे म्हणे घराभोवती एवढं गवत असतं की ते कापायला गाडीत बसून जावं लागतं. भावजींच्या इथल्या बंगल्यात एक तुळस आणि एक अडुळसा होता. त्यामुळे इथे आल्यापासून मोटार चाललीच नव्हती. तिच्या पोटातलं तेलसुद्धा अमेरिकेतलंच होतं.

ह्यांना ती बघताच आजोबा आठवले. ह्यांचे आजोबा संस्थानच्या बागखात्यात होते. बागखात्यात म्हणजे कारकून; त्यांनी स्वतः कधी एखाद्या कुंडीला पाणी घातल्याचं आमच्या घरात कोणी ऐकलेलं नाही. पण बडोद्याच्या मराठी घरांत आजोबा संस्थानच्या कुठल्या खात्यात होते, त्यावर नातवाचा अधिकार ठरतो. समोरच्या पिलाजीरावांचे आजोबा राजवाड्याच्या मोटारखान्यात होते, म्हणून चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर शेवटचा शब्द त्यांचा. ही वस्तू बाग आणि चाकं अशी दोन्ही खात्यांत मोडत असल्यामुळे पहिल्या दिवसापासून हद्दीचा वाद होता.

आमची सोसायटी छाणी रस्त्याला. मधे कॉमन प्लॉट आहे, म्हणजे सगळ्यांच्या मालकीची आणि म्हणून कोणीच लक्ष न देण्याची मोकळी जागा. पावसाळ्यात तिथे गुडघ्याएवढं गवत माजतं. माझा रोजचा नेम गणपतीला दूर्वा वाहण्याचा, आणि त्या दूर्वा मी लग्न होऊन आल्यापासून ह्याच प्लॉटमधून खुडते. गवत कापलेलं असलं की कोवळ्या दूर्वा भराभरा फुटतात, माजलं की त्या खाली गुदमरतात. तेवढ्यापुरता माझा त्या प्लॉटशी संबंध. परंतु सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाईंना त्या वर्षी सिमेंटच्या ब्लॉकचं वेड लागलं होतं. मोबाइलवर आलेले फोन फुकट झाले ते हे वर्ष. माणसं रस्त्यात उभी राहून मोठमोठ्याने बोलायला लागली होती आणि जिथे माती दिसेल तिथे ब्लॉक बसवायला लागली होती. किरीटभाईंच्या मेहुण्याने नुकताच ब्लॉकचा कारखाना काढला होता, हा निव्वळ योगायोग, असं स्वतः किरीटभाईच प्रत्येकाला न विचारता सांगत. गवताने डास होतात, साप येतात, गणपतीचा मांडव चिखलात घालावा लागतो, ही त्यांची कारणं. “घास काढी नाखो, ब्लॉक नाखी दो, शांति,” म्हणजे गवत काढा नि ब्लॉक टाका, एवढं बोलून ते हात झटकत.

श्रावणातल्या एका रविवारी सभा ठरली. त्यात ब्लॉकचा ठराव येणार होता, आणि तो आला की पास होणार, हेही ठरलेलंच. एकदा ब्लॉक बसले की माझ्या गणपतीला दूर्वा कुठून आणायच्या, ह्याचा कोणाच्या अजेंड्यावर विचार नव्हता. मी तो ह्यांच्याजवळ एकदाच काढला, वरणभात वाढताना. हे म्हणाले, “त्या सभेच्या आदल्या दिवशी मी असा प्लॉट कापून दाखवतो, की ब्लॉकचं नाव काढायची कोणाची छाती होणार नाही.” मला बरं वाटलं. माझ्या दूर्वा आणि ह्यांच्या आजोबांची इभ्रत, दोन्ही एका मोटारीवर बसली होती.

पण मोटार कामाला लावण्याआधी तेल बदलावं आणि जागोजाग ग्रीस भरावं, असं तिच्याबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तक चांगलं जाड होतं. ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ताजं, वाचायची मनाई. तेव्हा रोज दुपारी मी ते चौरंगावर ठेवून वाचायचं आणि ह्यांनी ऐकायचं असं ठरलं. पोथीची सवय असल्यामुळे मला मधलंच पान उघडून वाचणं जमत नाही. मी पहिल्यापासून सप्ताह लावला. एक वाक्य इंग्रजीतून वाचायचं, मग त्याचा मराठीत अर्थ. पहिला सगळा अध्याय निषेधांचा होता. हात इथे घालू नये, पाय तिथे ठेवू नये, मुलांना मांडीवर घेऊन बसू नये, मद्यपान करून बसू नये, उतारावर आडवं जाऊ नये. आमच्या व्रतांतही एवढे निषेध नसतात, आणि असले तरी शेवटी फळ काय मिळणार ते सांगितलेलं असतं. इथे फळ म्हणून फक्त गवत कापलं जाणार होतं.

तेलाचा अध्याय मात्र मला आवडला, त्यात विधी होता. इंजिन जरा कोमट करावं, मोटार सपाट जागी लावावी, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, खाली भांडं धरून इंजिनाच्या पोटाचा बोल्ट सोडावा, जुनं तेल पुरतं उतरू द्यावं, तोच बोल्ट पुसून परत घट्ट फिरवून बसवावा आणि मगच वरून नवीन तेल ओतावं. हा “मगच” त्यांनी जाड अक्षरांत छापला होता, मीही तो जोर देऊन वाचला. ह्यांनी हुंकार दिला. पोथी ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचाच असतो. मात्र जेवणानंतरचा हुंकार आणि घोरण्याचा पहिला स्वर ह्यांत फरक करणं अवघड आहे, आणि मला ऐकणाऱ्याकडे वळून बघायची सवय नाही.

एवढ्यात पिलाजीरावांनी पहिली शंका काढली. ज्यावर माणूस बसतो आणि ज्याला दिवे असतात, ते वाहन. मग त्याला नंबर नको का? हे सरळ मार्गाने चालणारे, म्हणून आर.टी.ओ.च्या कचेरीत गेले आणि दिवसभर एका खिडकीवरून दुसरीवर फिरून आले. एका खिडकीने विचारलं, सीट किती? एक. मग टॅक्सी नाही. दुसरीने विचारलं, माल काय वाहता? गवत, पण वाहत नाही, कापून तिथेच टाकतो. मग टेम्पो नाही. तिसऱ्या खिडकीतला गृहस्थ दयाळू होता. तो म्हणाला, हा ट्रॅक्टरच समजू, फक्त जमिनीचा सात-बारा आणा. हे म्हणाले, आम्ही सोसायटीत राहतो, आम्हाला शेत नाही. तो म्हणाला, शेत नाही तर ट्रॅक्टर कशाला घेतला? हे म्हणाले, ट्रॅक्टर नाहीच मुळी. त्यावर तो म्हणाला, मग इथे कशाला आलात? हे घरी येऊन न जेवता झोपले.

तेलाचीही अशीच गत. पुस्तकात तेलाचा आकडा दिला होता, पण फतेगंजमधल्या दुकानदाराला तो आकडा नको, गाडी कोणती ते हवं होतं. स्कूटर, रिक्षा की जनरेटर? ह्यांनी खरं ते सांगितलं, गवत कापायची मोटार. त्याने गल्ल्यावरच्या भागीदाराला हाक मारून ते पुन्हा सांगायला लावलं, आणि विचारलं, तुमच्या बाजूला म्हशी नाहीत का? लोकांना साधं तेल मागायला गेलं तरी आपल्या राहणीचा खुलासा द्यावा लागतो. पिलाजीरावांचं म्हणणं होतं की राजवाड्यातल्या मोटारींना एरंडेल घालत, त्याने इंजिनाचा कोठा साफ राहतो. आमच्या मागच्या गल्लीतले लक्ष्मीकांत कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यांनी एरंडेलाचा प्रस्ताव हसून उडवून लावला आणि सगळं काम आपल्या अंगावर घेतलं. पुस्तक वाचून दाखवू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “वहिनी, तीस वर्षं मी हेच केलं. पुस्तकं नवशिक्यांसाठी असतात.”

शुक्रवारी हे तेल घेऊन आले, कारण शनिवारी आमच्याकडे तेल विकत आणत नाहीत. शुक्रवारी लगेच काम करायचं, तर लक्ष्मीकांतांकडे जिवतीची सवाष्ण जेवायला होती. रविवारी सभा. म्हणजे राहिला शनिवार, माझ्या मौनाचा.

माझं मौन म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. लिहून दाखवणंही नाही. पाटीवर लिहिणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, असं सासूबाई म्हणायच्या. खुणा चालतात. हे म्हणतात, मौनाच्या दिवशी घरात काही वेगळं वाटतच नाही, कारण तू एरवीही ऐकू येत नाहीस. माझा आवाज मुळातच लहान आहे, त्याला मी काय करू.

त्या शनिवारी पावसाने उघडीप दिली होती. प्लॉटच्या कडेला कडुनिंबाखाली मोटार उभी केली. पूजेशिवाय कामाला हात लावायचा नाही, म्हणून मी सोवळ्यात तबक घेऊन गेले. विड्याच्या पानावर तांदूळ, तांदळांवर सुपारीचा गणपती, दोन फुलं आणि कशाबशा मिळालेल्या दूर्वा. आवाहन मनातल्या मनात केलं. लक्ष्मीकांतांनी बायकोजवळ, म्हणजे नीराजवळ, चष्मा सांभाळायला दिला, गोणपाट पसरलं आणि ते मोटारीखाली उताणे सरकले. इंजिन दोन मिनिटं चालवून कोमट केलं होतं. माझी जुनी परात खाली धरून त्यांनी बोल्ट सोडला. अमेरिकेतलं तेल काळंकुट्ट होऊन धो धो खाली आलं. लक्ष्मीकांतांनी खालून हात बाहेर काढला आणि बोल्ट नीट ठेवा म्हणून सांगितलं.

पिलाजीरावांनी तो आखूड, जाडजूड बोल्ट घेतला. मोटारखान्याची शिस्त अशी की सुटा भाग कधी जमिनीवर ठेवायचा नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो माझ्या तबकात ठेवला. ठेवला तो घरंगळला, सुपारीला लागला, दोघांनी मिळून पानावर एक गोल चक्कर मारली, आणि पाहते तो तबकात दोन काळे, तेलकट, सारख्याच आकाराचे गोळे.

नीराला घरी नैवेद्याची घाई. तिने माझ्यावर उपकार म्हणून, मी बोलू शकत नाही म्हणून, स्वतःच विसर्जन उरकायचं ठरवलं. तबकातल्या एका काळ्या गोळ्यावर तिने अक्षता टाकल्या, पुन्हा येण्याची विनंती केली आणि फुलं, पान नि तो गोळा असं निर्माल्य कागदात बांधलं. तिने उचलला तो बोल्ट होता. मी दुरून पाहिलं. सोवळ्यात असल्यामुळे तेलाच्या हातांनी बांधलेली ती पुडी मला ओढून घेता येईना. मी पुडीकडे बोट दाखवलं आणि मग हवेत बोटं फिरवून बोल्ट पिळायची खूण केली.

नीरा म्हणाली, “हो हो, प्रदक्षिणा घालूनच सोडायला सांगते.”

नेमके त्याच वेळी किरीटभाई स्कूटर काढत होते. त्यांना विश्वामित्री नदीचा पूल ओलांडून मेहुण्याकडे ब्लॉकचे नमुने आणायला जायचं होतं. देवाचं काम म्हटल्यावर त्यांनी पुडी आनंदाने हँडलला अडकवली. मी हात वर केला. त्यांनी तो आशीर्वाद समजून डोकं लववलं, आणि आमच्या मोटारीच्या पोटाचा बोल्ट नदीतल्या मगरींच्या भेटीला गेला.

इकडे खालून हात आला, बोल्ट द्या. पिलाजीरावांनी तबकातला उरलेला काळा गोळा दिला. आता नदीत काय गेलं आणि हातात काय आलं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. चष्म्याशिवाय, अंधारात, तेलाच्या बोटांनी लक्ष्मीकांत सुपारी पिळत राहिले. ती फिरेना. साधा माणूस असता तर त्याने हातात काय आहे ते पाहिलं असतं. लक्ष्मीकांत इंजिनीअर असल्यामुळे त्यांनी कारण शोधलं. आटे झिजले आहेत, आणि अमेरिकन आटे मुळातच बारीक असतात, असं त्यांनी खालून समजावून दिलं. मग माझ्याच घरचा लाकडी बत्ता मागवून ती ठोकून बसवली. बसलीही, इतकी घट्ट की एक थेंब गळेना.

मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या देवघराच्या दिशेने हात केला, मग मोटारीच्या पोटाकडे केला, मग हात जोडले. पुन्हा तसंच. पिलाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढली. हे गहिवरले आणि लक्ष्मीकांतांना म्हणाले, “बघा, तिची किती श्रद्धा आहे ह्या मोटारीवर.”

बोलून टाकावं का? त्या घटकेला माझ्या मनात जे झालं ते सांगितलं तर आजच्या मुली हसतील. एका बाजूला व्रत, दुसऱ्या बाजूला प्लॉट. बोलले तर मौन मोडतं, न बोलले तर मोटार मोडेल आणि दूर्वा जातील. आणि दूर्वा गेल्या तर रोजचा नेम मोडतो. कुठला नेम मोडला तर कमी पाप, ह्याचा निकाल उभ्याउभ्या लागेना. शिवाय एक वेगळाच विचार मला धीर देऊ लागला. नीराने विसर्जन बोल्टाचं केलं होतं. सुपारीवर अक्षता पडल्याच नव्हत्या. म्हणजे माझं आवाहन अजून चालू होतं, आणि विघ्नहर्ता साक्षात गळतीच्या तोंडाशी बसला होता. त्याच्यासाठी ह्याहून योग्य जागा कुठली? माणसाला गप्प राहायचं असलं की शास्त्र कसं सापडतं, ते मी त्या दिवशी अनुभवलं.

वरून नवीन तेल ओतलं. तेल मोजायची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून पातळी बघितली, ती बरोबर भरली. पुढच्या चाकांना आणि आसाला ग्रीस भरून झालं; उरलेलं ग्रीस पिलाजीरावांनी आपल्या फाटकाच्या बिजागऱ्यांना लावलं. तोवर किरीटभाई ब्लॉकचे नमुने घेऊन परत आले होते आणि ते मुद्दाम प्लॉटच्या कडेला मांडून बसले होते, एक लाल, एक पिवळा, एक करडा. हे मोटारीवर चढले. आजोबांची जरीची टोपी घातली होती. मोटार सुरू झाली, आणि खरं सांगते, मला माझ्या नवऱ्याचा लग्नानंतर पहिल्यांदाच एवढा अभिमान वाटला. पहिला पट्टा सरळ. दुसरा त्याला लागून. मागे कापलेल्या गवताचा ओला वास. गच्च्यांवर बायका जमल्या, कोणी टाळ्या वाजवल्या, आणि किरीटभाईंनी पिवळा ब्लॉक उचलून करड्याच्या मागे लपवला.

तिसऱ्या पट्ट्यात इंजिन तापलं असावं. मोटार माझ्यासमोरून गेली आणि तिच्या पोटातून काहीतरी टपकन खाली पडलं. त्यामागून नव्या तेलाची सोनेरी धार. सगळ्यांचं लक्ष टोपीकडे होतं. मी कापलेल्या गवताच्या काठाशी पाहिलं. माझा गणपती आडवा पडला होता. हे टोकाला जाऊन वळले आणि पुढचा पट्टा धरून सरळ त्याच्यावरच येऊ लागले. खाली पाती फिरत होती. श्रावणातल्या शनिवारी, माझ्या नवऱ्याच्या हातून, आजोबांच्या टोपीसकट, गणपतीचे तुकडे होणार होते.

मी ओरडले, “थांबा.”

गच्च्यांवरच्या बायका थांबल्या. किरीटभाई थांबले. रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी धरून थांबला. नीराने नंतर सांगितलं की माझा आवाज असा आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. फक्त मोटारीच्या आवाजात ह्यांना तो ऐकू गेला नाही. व्रत मोडलं आणि उपयोग शून्य. मग मी सोवळं सावरून प्लॉटमध्ये शिरले आणि हात पसरून मोटारीसमोर उभी राहिले. ह्यांनी ब्रेक मारला. तेल संपत आलेलं इंजिन एक उसासा टाकून बंद पडलं.

सगळे धावत आले. मौन मोडलंच होतं, तेव्हा मी एकदाच काय ते सांगून टाकलं. “बोल्ट विश्वामित्रीत गेला. इंजिनात गणपती होता.”

मग किरीटभाईंनी हळूच चपला काढल्या.

पुन्हा तेल आणून मोटार चालवावी, तर शनिवार. शनिवारचा निषेध खाण्याच्या तेलाला की इंजिनाच्याही, ह्यावर पिलाजीराव आणि लक्ष्मीकांत अंधार पडेपर्यंत वाद घालत बसले. शनीला तेलांतला फरक कळतो असं एकाचं मत, कळत नाही असं दुसऱ्याचं. बोल्ट नव्हताच, ही गोष्ट दोघांनीही काढली नाही.

रविवारी सभेला गेले तर सुपारी जिथे पडली होती तिथेच होती, पण तिच्याभोवती चार विटा रचलेल्या, उदबत्ती लावलेली आणि बाजूला कोणीतरी नारळ ठेवलेला. गणपती आपण होऊन जमिनीवर उतरले, ही बातमी सोसायटीभर आणि बाहेरही गेली होती. किरीटभाई अनवाणी उभे होते. त्यांनी ब्लॉकचा ठराव मागे घेतला आणि नवा मांडला: इथे संगमरवराची देरी, म्हणजे छोटं देऊळ, बांधायची, आणि दर्शनाला येणाऱ्यांचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून देरीभोवती, प्लॉटच्या कुंपणापर्यंत, ब्लॉक बसवायचे. मेहुणा देवाच्या कामाला भाव कमी लावणार होता.

मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ठोकून बसवलेल्या सुपारीपेक्षा चमत्कार बरा, म्हणून लक्ष्मीकांत आकाशाकडे पाहत होते. मोटार देवाचं वाहन म्हणून देरीशेजारी चौथऱ्यावर ठेवावी आणि देखरेख मोटारखान्याच्या वारसाकडे असावी, अशी पिलाजीरावांची दुरुस्ती होती. आणि आमचे हे काल गवताचे कैवारी होते, ते संगमरवरावर आपलं नाव कुठे येईल ते पाहत होते. सगळ्यांचं भलं होत होतं. फक्त त्या देवाला वाहायला दूर्वा उरणार नव्हती.

मी बोलायला उठले. “जरा मोठ्याने,” असं मागून कोणीतरी म्हणालं. कालचा आवाज काही परत निघेना, म्हणून मी बोलण्याचा नाद सोडला. पदराच्या गाठीत अक्षता होत्या. विटांपाशी बसले, सुपारीवर अक्षता वाहिल्या, विसर्जनाचे शब्द म्हटले, सुपारी जागची हलवली आणि उचलून हातात घेतली.

“भाभी, आ शुं कर्युं?” हे काय केलंत, म्हणून किरीटभाईंचा आवाज चिरकला.

“काल राहिलं होतं ते केलं,” मी म्हटलं. “आता ही सुपारी आहे.”

शास्त्राप्रमाणे झालेलं विसर्जन मोडून काढायची कोणाची तयारी नव्हती. देव नाही तर देरी नाही. पण त्याबरोबर किरीटभाईंचा जुना ठराव मूळ जागी येऊन उभा राहिला. खूप वादावादी झाली. शेवटी एवढंच पदरात पडलं की गणपतीचा मांडव घालायच्या आत प्लॉट कापला गेला तर गवत राहील, नाही तर ब्लॉक.

पण मोटारीवर आता कोण बसणार? ह्यांनी टोपी पेटीत ठेवली होती आणि त्या मोटारीचं नाव काढलं की त्यांना ऑपरेशनचा डोळा दुखायचा. लक्ष्मीकांत म्हणाले, इंजिन पूर्ण उघडावं लागेल, आणि उघडायला ते दिवाळीनंतर मोकळे होते. दिवस जात होते, गवत वाढत होतं. किरीटभाई येताजाता मला अदबीने नमस्कार करत आणि मेहुण्याच्या ट्रकची चौकशी फोनवर, माझ्या देखत, मोठ्याने करत.

एक दिवस मी ती सुपारी घेऊन घडियाळी पोळातल्या नटबोल्टच्या दुकानात गेले. सुपारीवर त्या भोकाचा वळ चांगला उमटला होता. दुकानदाराने तिच्यावर बोल्ट लावून पाहिले आणि मापाचा काढून दिला. सुपारी कशाची, ते त्याने विचारलं नाही. त्याच्या दुकानात लोक काय काय घेऊन येत असतील. तेल शुक्रवारीच आणून ठेवलं. पुस्तक मला पाठच होतं. मांडवाच्या आधीच्या शनिवारी सकाळी हे देवळात गेलेले पाहून मी गोणपाट पसरलं, खाली सरकले, बोल्ट घट्ट फिरवून बसवला, आणि मगच वरून तेल ओतलं. पट्टी पाहिली, चाकांना ग्रीस भरलं, पदर खोचला, देवाचं नाव मनात घेतलं आणि चढून बसले.

पहिल्या वळणालाच सगळी सोसायटी गच्च्यांवर आणि फाटकांत आली. पिलाजीराव गिअर बदलायची खूण करत होते. लक्ष्मीकांत दोन्ही हातांनी हळू, हळू म्हणत होते. हे देवळातून परतले ते चपला हातात घेऊनच माझ्या मागे मागे चालत काहीतरी सांगत होते. किरीटभाई फोन कानाला लावून नुसतेच उभे होते. नीरा काही विचारत होती. प्रत्येकाचं तोंड हलत होतं आणि इंजिनाच्या आवाजात एकाचाही शब्द मला ऐकू येत नव्हता. मी सरळ पट्टे मारत राहिले. दुपारपर्यंत सबंध प्लॉट कापून झाला, आणि दिवेलागण व्हायला अजून बराच अवकाश असल्यामुळे कोणाला काही उत्तर द्यायचाही प्रश्न आला नाही.